अर्धा पाठ : व्हीलीची चित्रे आणि व्हीलीचे धडे

१

मोटरसायकलचे पुढचे चाक हवेत उचलून ती नुसत्या मागच्या चाकावर पळवणे याला इंग्रजीत व्हीली म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकी बोलीत रुळलेला हा शब्द आता कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतच्या मुलांच्या तोंडी मराठीच होऊन गेला आहे. आपण त्याला क्रियापदही दिले आहे : व्हीली मारणे. मराठीत 'मारणे' गप्पांनाही लागते हे खरे, पण इथे ते उडी, सूर, किक यांच्या पंगतीतले आहे. एक झटका द्यायचा आणि काम झाले, असे ते क्रियापद सुचवते. व्हीली शिकवणारे मात्र 'सांभाळणे' या जातीची क्रियापदे वापरतात. शब्द आणि शिकवण यांच्यातल्या या अंतराविषयी मला लिहायचे आहे.

मी ना अभियंता आहे, ना स्टंट करणारा. माझे शाळेतले शिक्षण थोडके. जे काही पुढे शिकलो ते पुस्तकांतून, आणि त्यांतही दुरुस्तीची, कृतीची, 'असे करा' सांगणारी पुस्तके अधिक. त्यामुळे अशा मजकुराकडे साहित्य म्हणून पाहण्याची सवय लागली. कृती सांगणारा मजकूर कशाने सुरू होतो, कशावर रेंगाळतो, काय गृहीत धरतो आणि कुठे संपतो, हे पाहिले की त्या कौशल्याचे मर्म कळते. व्हीलीबद्दलचा मजकूर मी गेली काही वर्षे याच दृष्टीने वाचत आलो आहे. शक्तिशाली स्पोर्ट मोटरसायकलवर व्हीली शिकवणारे धडे, वळणे घेण्याच्या विद्येवरची पुस्तके, विक्रमांच्या नोंदी, आणि त्यांच्या समोर ठेवून पाहिलेले चित्रपट. माझे म्हणणे थोडक्यात असे : व्हीलीचे चित्र वर जाण्याचे असते आणि व्हीलीचा धडा खाली येण्याचा असतो. आपल्याकडे चित्र पोचले, धडा पोचला नाही.

२

धडा वाचण्याआधी गाडीचे काय होते ते पाहू. वेग वाढताना बसमधला उभा माणूस मागे झुकतो, तसेच मोटरसायकलचे वजन मागच्या चाकाकडे सरकते. वेगवाढ पुरेशी जोरदार असेल तर पुढच्या चाकावर भारच उरत नाही आणि ते जमीन सोडते. स्पोर्ट मोटरसायकलच्या दोन चाकांतले अंतर साधारण १.४ मीटर असते. गाडी आणि स्वार मिळून जो गुरुत्वमध्य होतो तो या अंतराच्या जवळपास मध्यावर, जमिनीपासून सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर उंचीवर असतो. या मापांवरून हिशेब केला तर पुढचे चाक उचलायला गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकी, म्हणजे तीन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरवर नेणारी, वेगवाढ लागते. शंभर सीसीच्या, आठेक अश्वशक्तीच्या रोजच्या गाडीला हे नुसत्या रेस देण्याने जमत नाही. १८० ते २०० अश्वशक्तीच्या हजार सीसी गाडीला पहिल्या गिअरमध्ये मूठ पिळली की पुरते. म्हणूनच सगळ्यांना वाटते, की मोठी गाडी हीच व्हीलीची खरी गाडी.

पण हिशेबाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. पुढचे चाक वर जाऊ लागले की गुरुत्वमध्य उंच होतो आणि त्याच वेळी मागे, मागच्या चाकाच्या दिशेने सरकतो. म्हणजे चाक उचलून धरायला लागणारा जोर कमी कमी होत जातो. मूठ आहे तिथेच ठेवली तरी गाडी अधिकाधिक वेगाने उभी होत जाते. जिना चढताना दमणूक वाढत जाते. इथे उलटे आहे, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सोपी होते आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे पाठीवर पडणे. मध्ये एक जागा अशी येते, की गुरुत्वमध्य मागच्या टायरच्या टेकण्याच्या बिंदूच्या बरोबर वर येतो. वर दिलेल्या मापांच्या गाडीत ही जागा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असते. शिकवणारे तिला तोलबिंदू म्हणतात. त्याच्या अलीकडे चाक वर ठेवायचे तर वेग वाढवत राहावे लागते, तो बिंदू ओलांडला तर गाडी आपणहून मागे उलथते. बिंदूवर असताना मात्र वेग वाढवावा लागत नाही. तिथे गाडी शांत चालते.

आता प्रश्न येतो तो या बिंदूच्या पलीकडे जाऊ लागलेली गाडी परत कशी आणायची. मूठ सोडली तर इंजिनची ओढ कमी होते, पण तोल मागे जाऊ लागला असेल तर तेवढ्याने भागेलच असे नाही. आणि भागले, तर चाक धाडकन आदळते. खात्रीचा, आणि हळुवारपणे वापरता येणारा, उपाय एकच : मागचा ब्रेक. ब्रेक लागला की बसमधला तोच उभा माणूस पुढे झुकतो. तशीच गाडीही पुढे झुकते. हा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. व्हीलीचे सगळे चित्र उजव्या मुठीचे आहे आणि तिचे सगळे शास्त्र उजव्या पायाचे.

३

हे शास्त्र मनात ठेवून व्हीलीचे धडे वाचले तर त्यांची रचना उलगडते. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोटरसायकल मासिकांत आणि प्रशिक्षणवर्गांत हे धडे गेली कित्येक वर्षे दिले जात आहेत. त्यांचा घाट बहुतेक एकसारखा आहे. आकडे टाकलेल्या पायऱ्या, आज्ञार्थी क्रियापदे, छोटी वाक्ये. पहिल्या पायरीत व्हीली नसतेच. टायरची हवा पाहा, चेनचा ढिलेपणा पाहा, मागचा ब्रेक नीट लागतो का ते पाहा. मोकळी, सपाट, रहदारी नसलेली जागा निवडा. पूर्ण पोशाख घाला. मग येते ती मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी पायरी : चाक उचलण्याआधी उजवा पाय ब्रेकच्या पट्टीवर ठेवा आणि पुढे सगळा वेळ तो तिथेच असू द्या. काही धडे याहून पुढे जातात. चाक वीतभर उचलले की लगेच ब्रेकने खाली आणा, जरुरी नसली तरी आणा. हे शेकडो वेळा करा. आणि पाय आपसूक हलू लागेपर्यंत उंची वाढवू नका. उचलणे हे इथे निमित्त असते. सराव उतरण्याचा चाललेला असतो.

एवढा आग्रह का, याचे उत्तर भीतीच्या स्वभावात आहे. पुढचे चाक अनपेक्षित वर गेले की अंग मागे घसरते. माणूस घाबरून हँडल घट्ट धरतो आणि त्याला लोंबकळतो. लोंबकळताना उजवे मनगट आपोआप खाली वळते आणि मूठ आणखी पिळली जाते. अमेरिकी चालकांनी या प्रकाराला गमतीने 'व्हिस्की थ्रॉटल' असे नाव दिले आहे. गंमत नावापुरतीच, ज्या प्रतिक्षिप्त क्रियेने माणूस जीव वाचवू पाहतो, तीच त्याला उलथवते. म्हणून धड्याला एक नवी प्रतिक्षिप्त क्रिया घडवावी लागते, आणि ती पायात घडवावी लागते, कारण हात त्या क्षणी शत्रूला सामील झालेले असतात.

या ठिकाणी कीथ कोड या अमेरिकी प्रशिक्षकाच्या पुस्तकांचा उल्लेख करणे भाग आहे. कोडने १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केले आणि १९८३ मध्ये 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाचा विषय व्हीली नाही, रेसच्या ट्रॅकवर वळणे घेणे हा आहे. तरीही कृती सांगणाऱ्या गद्याचा नमुना म्हणून ते वाचावे असे आहे. मूळ मजकुराच्या जोडीला एडी लॉसन या जगज्जेत्या चालकाची टिपणे दिली आहेत. सूत्राखाली भाष्य असावे तशी ही मांडणी, आपल्या परंपरेतल्या वाचकाला घरची वाटेल. त्यातली एक कल्पना प्रसिद्ध आहे. चालकाजवळचे अवधान म्हणजे दहा डॉलरची नोट समजा. वेगाची भीती पाच डॉलर खाऊन गेली तर बाकीच्या सगळ्या कामांना पाचच उरतात. सवयीची झालेली कृती जवळजवळ फुकटात होते. नवी कृती महाग पडते. १९९३च्या दुसऱ्या भागात कोड भीतीच्या प्रतिक्षिप्त क्रियांची यादीच देतो : मूठ एकदम सोडणे, हँडल आवळणे, नजर आकुंचित होणे, एकाच गोष्टीला खिळणे. जगण्याची धडपड म्हणून अंग जे करते तेच रस्त्यावर घातक कसे ठरते, हा त्या पुस्तकाचा खरा विषय आहे.

व्हीलीला हे लावून पाहा. चाक उचलताना नोटेतले नऊ डॉलर मुठीवर, आवाजावर आणि समोर उभ्या राहिलेल्या आकाशावर खर्च होतात. ब्रेकसाठी उरतो तो एक डॉलर. तेवढ्यात पाय हलायचा असेल तर ती कृती आधीच फुकटात पडत असली पाहिजे. आधी उतरणे शिका, मग चढा, हा धड्याचा क्रम म्हणूनच केवळ सावधगिरीचा नाही. अवधानाच्या अर्थशास्त्राचा आहे.

कोणी विचारील, की असली विद्या कागदावरून येते का? मायकेल पोलान्यीने १९५८च्या 'पर्सनल नॉलेज' या ग्रंथात सायकलचे उदाहरण दिले आहे. सायकलस्वार तोल जाताना त्याच बाजूला हँडल वळवतो, आणि त्या वळणाचे गणित मांडता येते. पण ते गणित ठाऊक असून सायकल येत नाही, आणि सायकल येणाऱ्याला ते ठाऊक नसते. पोलान्यीचे म्हणणे मला मान्य आहे. कागदावरून व्हीली येणार नाही. पण कागद एक काम करू शकतो, जे चित्राला जमत नाही : तो क्रम सांगू शकतो. आधी काय आणि नंतर काय, आणि काय येईपर्यंत पुढे जायचे नाही, हे वाक्यांना सांगता येते. अंगाची विद्या अंगालाच मिळवावी लागते. ती कोणत्या क्रमाने मिळवावी हे मात्र शब्दांत राहू शकते. चांगला धडा एवढेच करतो आणि तेवढ्यावर जीव तगतो.

४

आता चित्रांकडे वळू. पुढचे पाय उचललेला घोडा हे सत्तेचे जुने चित्र आहे आणि व्हीली ही त्याचीच वारस आहे. झाक-लुई दाविदने १८०१ ते १८०५ या काळात आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनची पाच चित्रे रंगवली. घोडा मागच्या पायांवर उभा आहे, झगा वाऱ्यावर आहे, आणि स्वाराचा चेहरा शांत आहे. प्रत्यक्षात १८०० साली नेपोलियनने ती खिंड खेचरावर बसून ओलांडली. खेचर निवडले ते पाय घसरू नये म्हणून. डोंगर ओलांडायचा म्हणजे उतरायचाही असतो. चित्रातल्या घोड्याला उतरायचे नाही. तो कायमचा वर आहे.

घोडेस्वारीच्या विद्येत मात्र दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. घाबरून किंवा अडून उभा राहिलेला घोडा ही चूक. तो स्वारावर उलटा पडू शकतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये शिकवला जाणारा 'लव्हाद' ही कला. त्यात घोडा मागचे सांधे खोल वाकवून, तीस-पस्तीस अंशांत, काही क्षण स्थिर राहतो आणि आपल्या ताकदीने खाली येतो. न समजणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. समजणारा मागचे पाय पाहतो : ते वाकले आहेत की ताठ आहेत. व्हीली पाहतानाही समजणाऱ्याने मुठीकडे आणि आकाशाकडे न पाहता मागे, पायाकडे पाहावे.

आपल्याकडे मोठ्या मोटरसायकलचे चित्र रुजवले ते २००४च्या 'धूम'ने. संजय गढवी यांचा हा चित्रपट मुंबईत सुरू होतो आणि गोव्यात शेवटाला जातो. जॉन अब्राहमचा कबीर आणि त्याची सुझुकी हायाबुसा यांनी एका पिढीला मोटरसायकलकडे पाहण्याची नवी नजर दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेराशे सीसीची ती गाडी इथल्या रस्त्यावर दिसण्याआधी मुलांना नावाने ठाऊक झाली. चित्रपट मी पुन्हा पाहिला तो एकाच गोष्टीसाठी : यातली मोटरसायकल थांबते कशी? गाडी थांबण्याला, चाक टेकण्याला, वेग उतरवण्याला त्यात जवळपास जागाच नाही. पाठलागाच्या दृश्यांचे संकलन वेगवाढीवर रचलेले असते. गाडी मंदावू लागली की दृश्य बदलते. आणि शेवटी पकडला जाण्याची वेळ येते तेव्हा कबीर गाडीसकट कड्यावरून समुद्रात जातो. २०१३च्या 'धूम ३'चा शेवटही धरणावरून खाली झोकून देण्यात होतो. मधल्या भागातला नायक वाचतो हे खरे. पण तीनांपैकी दोन चित्रपटांना चढलेल्या माणसाला खाली आणण्याचा पडण्यावाचून दुसरा मार्ग सुचलेला नाही. यात मी नीती-अनीतीचा मुद्दा काढत नाही. मुद्दा रूपाचा आहे. ज्या रूपात ब्रेकच नाही, त्याचा शेवट कड्यावरच होणार.

याच्या शेजारी बाल्टिमोरवरचा '१२ ओ'क्लॉक बॉइज' हा लोत्फी नाथन यांचा २०१३ सालचा माहितीपट ठेवतो. त्यातल्या गाड्या स्पोर्ट मोटरसायकली नाहीत, मातीवरच्या डर्ट बाइक आहेत, पण चित्र तेच आहे. घड्याळाच्या बाराच्या काट्यासारखी सरळ उभी गाडी, म्हणून हे नाव. शहरात अशा गाड्या रस्त्यावर आणायला बंदी. पोलिसांनीही त्यांचा पाठलाग करायचा नाही असे धोरण, कारण पाठलागात माणसे मरतात. पग नावाच्या मुलाला या टोळीत जायचे आहे आणि कॅमेरा काही वर्षे त्याच्याबरोबर राहतो. 'धूम'पेक्षा हा चित्रपट कितीतरी प्रामाणिक आहे. तो गरिबी दाखवतो, आईची काळजी दाखवतो, आणि ज्यांना शहरात दुसरी उंची नाही त्यांना ही उंची काय देते तेही दाखवतो. तरी त्याच्या सर्वांत सुंदर दृश्यांपाशी मी अडतो. ती अतिमंद गतीत घेतलेली आहेत. मंद गतीत गाडी तरंगते, मुलाचा चेहरा देवासारखा निवांत दिसतो. पण व्हीलीचा सगळा प्रश्न वेळेचा आहे. पाय हलायला अर्धा सेकंद आहे की पाव, एवढाच. मंद गती नेमकी ती वेळ ताणून भय काढून घेते. पाहणाऱ्याला वाटते, एवढा वेळ आहे तर काहीही सावरता येईल.

जाहिरातींचे चित्र याहून संक्षिप्त. स्टंटच्या जाहिरातीत पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ धावते : हे तज्ज्ञांनी देखरेखीखाली केले आहे, अनुकरण करू नका. टीकाकार म्हणून मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते, कारण त्या चित्राला मिळालेला तेवढाच शब्द आहे. ती 'नको' म्हणते, 'का' ते सांगत नाही. तज्ज्ञाला काय येते जे मला येत नाही, हे ती सांगत नाही. त्यामुळे बघणारा मुलगा असा समज करून घेतो, की तज्ज्ञ म्हणजे धाडस अधिक असलेला माणूस. धाडस तर त्याच्याकडेही असते.

५

धाडस आणि ताकद यांवर व्हीली उभी नाही याचा पुरावा विक्रमांच्या नोंदींत सापडतो, आणि त्या नोंदी मला कोणत्याही कथेइतक्या बोलक्या वाटतात. डग डोमोकोस या अमेरिकी चालकाने १९८४ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर १४५ मैल एका चाकावर गाडी चालवली. गाडी होती ५०० सीसी वर्गातली होंडा. यासुयुकी कुडो याने १९९१ मध्ये जपानमधल्या चाचणी मार्गावर ३३१ किलोमीटर व्हीली केली, ती २२० सीसीच्या होंडा ट्रायल गाडीवर. पुण्याहून निघून सोलापूर ओलांडून बरेच पुढे जाण्याइतके हे अंतर, आणि गाडी आपल्या गल्लीतल्या गाड्यांच्या ताकदीची. इंग्लंडच्या डगी लॅम्पकिनने २०१६ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी मार्गाची ३७.७३ मैलांची पूर्ण फेरी एका चाकावर केली, तीही ट्रायल गाडीवर, सुमारे दीड तासात. त्या मार्गात डोंगर चढायचा असतो, आणि नेपोलियनच्या खेचराप्रमाणे उतरायचाही असतो. उतारावर गाडी आपणच वेग घेते. तिथे चाक वर ठेवून पुढे जायचे तर काम मुठीपेक्षा ब्रेकचे अधिक.

ताकदीचा विक्रमही आहे. स्वीडनच्या पॅट्रिक फ्युर्स्टेनहॉफने १९९९ मध्ये ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवर टर्बो बसवलेल्या ११०० सीसीच्या होंडावर ताशी ३०७ किलोमीटरहून अधिक वेगाने व्हीली केली. ही अचाट गोष्ट आहे. पण ती घडली कुठे ते पाहा : लांबरुंद, रिकाम्या धावपट्टीवर. जिथे ताकद होती तिथे खाली यायला जागाही होती.

रेस जिंकणाऱ्यांच्या लेखी तर व्हीली हा तोटा आहे. हवेतले चाक वळत नाही आणि चाक खाली ठेवण्यासाठी जोर आवरावा लागतो. म्हणून गेल्या दीड दशकात कारखान्यांनी व्हीली रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली. यामाहाच्या २०१५च्या आर-वन गाडीत सहा अक्षांवरची हालचाल मोजणारा संवेदक आला आणि चाक वर जाऊ लागले की गाडी स्वतःच इंजिनचा जोर कमी करू लागली. आज बहुतेक मोठ्या स्पोर्ट गाड्यांत ही सोय आहे. म्हणजे उतरण्याची विद्या आता गाडीला येते. व्हीली शिकणाऱ्याला मात्र पहिली कृती कोणती करावी लागते? ती सोय बंद करण्याची. एक कळ दाबून तो गाडीच्या ठायी असलेले शहाणपण बाजूला ठेवतो आणि ते आपल्या पायात आहे असे गृहीत धरतो. काही प्रशिक्षणवर्गांत याच्या उलट करतात : ठरावीक कोनापलीकडे गाडी गेली की इंजिनचा जोर तोडणारे उपकरण बसवूनच नवशिक्याला गाडी देतात, आणि पाय तयार होईल तसा कोन वाढवत नेतात. शहाणपण आधी यंत्राकडे, मग हळूहळू माणसाकडे. गुरूने हात धरून पाटी गिरवून घ्यावी तसे हे आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. व्हीलीचे सौंदर्य तिच्या निरुपयोगीपणात आणि धोक्यात आहे. तुम्ही तिची कवायत करून टाकता. बाल्टिमोरच्या पगला ब्रेकच्या पायऱ्या नको आहेत, त्याला घटकाभर शहराच्या वर जायचे आहे. मी हा आक्षेप मानतो, निदान त्याच्या पहिल्या अर्ध्या भागापुरता. ज्याला कधी वर जावेसेच वाटले नाही त्याने या मुलांना उपदेश करू नये. पण तोलबिंदूवरची शांतता ही ज्या कोणी अनुभवली असेल ती उतरता येणाऱ्यानेच अनुभवली असणार. ज्याचा पाय तयार नाही तो त्या बिंदूच्या अलीकडेच घाबरून मूठ सोडतो, किंवा पलीकडे जातो. मधली जागा त्याला मिळतच नाही. धडा सौंदर्याच्या आड येत नाही. सौंदर्यापर्यंत नेणारी तेवढीच एक वाट आहे.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. ज्युडोत पहिल्यांदा पडायला शिकवतात हे आपण परक्यांचे म्हणून सांगतो. पण आपल्या मल्लखांबाचा संचही खाली उतरून स्थिर उभे राहिल्याशिवाय पुरा होत नाही. बडोद्याहून द. चिं. करंदीकर मुजुमदार यांनी १९३६ पासून सिद्ध केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड चाळले तर अंगाच्या विद्या क्रमाने आणि मराठीत सांगता येतात याची खात्री पटते. आणि याच परंपरेत अर्ध्या पाठाची सर्वांत मोठी शोकांतिका आहे. अभिमन्यूने गर्भात असताना चक्रव्यूहाची विद्या ऐकली, सुभद्रेला झोप लागली म्हणून बाहेर पडण्याचा भाग राहून गेला, ही कथा आपण लहानपणी ऐकतो. महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू एवढेच सांगतो, की पित्याने मला व्यूह भेदण्याची युक्ती शिकवली आहे, पण संकटात त्यातून बाहेर पडणे मला जमणार नाही. मला हा मूळ पाठ अधिक अस्वस्थ करतो. गर्भाच्या कथेत दोष निद्रेकडे जातो. मूळ पाठात मुलगा स्पष्ट सांगतो आहे, की मला अर्धेच येते, आणि भोवतालचे वडीलधारे, आम्ही तुझ्या मागोमाग येतो असे म्हणून, त्याला पुढे धाडतात.

आज कायदा आपले काम करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याला दंड आणि कैद आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपयांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर व्हीली असू नये, याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. रस्त्यावरच्या म्हातारीने, शाळेतून येणाऱ्या पोराने कुणाच्या तोलबिंदूची जोखीम का घ्यावी? पण बंदी हीसुद्धा जाहिरातीखालच्या त्या ओळीसारखीच आहे. तीही 'नको' म्हणून थांबते. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजात दर पावसाळ्याआधी वाकलेल्या शॉकअपच्या, कोनसेट गेलेल्या गाड्या येतात. तिथला मिस्त्री गाडीच्या पुढच्या भागाला हात लावून सांगतो, की हे चाक उचलल्याने झालेले नाही, आपटल्याने झाले आहे. गाडीचे पुढचे नळे सरळ करता येतात. पाठीचा कणा येत नाही.

चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मोटरसायकली जगभर जातात. या गाड्या चालवणाऱ्या मुलांपाशी मराठीत एकीकडे चित्र आहे, दुसरीकडे बंदी आहे, आणि दोहोंच्या मधली जागा मोकळी आहे. तिथे बंद मैदान हवे, लहान गाडी हवी, शिकवणारा हवा, आणि छापलेला धडाही हवा. तो धडा कुणी लिहिला तर त्याचे पहिले वाक्य कोणते असावे हे आता वाचकांना सांगायला नको. उजवा पाय ब्रेकवर ठेवा.